जोडलेल्या टेबलांसाठी डेटाबेस हाताळण्याची रीत कशी निवडावी

ग्रंथालयाचे वेब ॲप्लिकेशन करायचे झाले, तर पुस्तके, लेखक, सभासद आणि देवघेव ही चार टेबले लागतातच. शिवाय एका पुस्तकाचे अनेक लेखक असू शकतात, म्हणून पुस्तक आणि लेखक यांना जोडणारे पाचवे टेबलही लागते. कोड लिहिण्यापूर्वी दोन याद्या कराव्यात: कोणत्या पानावर काय एकत्र वाचले जाते, आणि कोणत्या कृतीत काय एकत्र बदलते. रीत निवडण्यासाठी फ्रेमवर्कच्या लोकप्रियतेपेक्षा या याद्या कितीतरी अधिक उपयोगी पडतात.

सभासदाची नोंदणी किंवा लेखकाच्या नावातील दुरुस्ती अशा कामांत टेबलाची एक ओळ म्हणजे एक ऑब्जेक्ट असतो. तेथे ॲक्टिव्ह रेकॉर्ड, म्हणजे ऑब्जेक्टनेच आपली ओळ वाचण्या-साठवण्याची रीत, पुरेसा आहे. रेल्स, लाराव्हेल आणि जँगो या फ्रेमवर्कांत तो तयारच मिळतो.

मात्र खरी कसोटी लागते ती देवघेवीच्या यादीवर. पानावर 50 नोंदी दाखवायच्या असतील आणि लूपमध्ये प्रत्येक नोंदीचा सभासद व पुस्तक वेगळे मागवले, तर नोंदींची 1, सभासदांच्या 50 आणि पुस्तकांच्या 50 अशा 101 क्वेरी, म्हणजे मागण्या, डेटाबेसकडे जातात. चाचणीच्या पाच नोंदींवर हा दोष कोणाच्याही लक्षात येत नाही. नोंदीला एकच सभासद आणि एकच पुस्तक असल्याने येथे जॉइन करून, म्हणजे टेबले जोडून, सारे एकाच क्वेरीत आणावे. लेखकांच्या बाबतीत मात्र जॉइन जपून वापरावा, कारण तीन लेखकांचे पुस्तक जॉइननंतर तीन ओळींत येते आणि 20 ओळींची मर्यादा घातली असेल, तर पानावर 20 पुस्तके दिसतच नाहीत. म्हणून आधी 20 पुस्तके आणावीत, मग त्यांच्या आयडींवरून सर्व लेखक दुसऱ्या एका क्वेरीत आणावेत.

पुस्तक देण्याच्या कृतीत शिल्लक प्रत कमी होते, देवघेवीची नोंद होते आणि सभासदाची मर्यादाही तपासली जाते. हे सारे एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे सगळे होईल किंवा काहीच होणार नाही अशा एका व्यवहारात, हवे. शेवटची प्रत दोन खिडक्यांवरून एकाच क्षणी दिली जाऊ नये यासाठी ‘शिल्लक शून्याहून अधिक असेल तरच एकाने कमी कर’ अशी अट अपडेटमध्येच घालावी आणि एकही ओळ बदलली नाही, तर व्यवहार रद्द करावा. असे नियम वाढू लागले, की डेटा मॅपर सोयीचा ठरतो; त्यात ऑब्जेक्टला टेबलाची माहितीच नसते, दोहोंमधील ने-आण वेगळा थर करतो. हायबरनेट आणि डॉक्ट्रिन ही साधने याच पद्धतीची आहेत. त्यावर रिपॉझिटरी, म्हणजे ऑब्जेक्ट मागण्या-साठवण्याची एक ठरलेली जागा, ठेवायची असेल, तर ती प्रत्येक टेबलामागे एक अशी करू नये. पाच टेबलांच्या पाच रिपॉझिटरी केल्या, की एकत्र बदलणाऱ्या गोष्टी पुन्हा विखुरतात. देवघेव आणि तिच्यासोबत बदलणारे सारे एका रिपॉझिटरीत राहू द्यावे.

मासिक अहवालासारख्या निव्वळ वाचनासाठी मी सरळ एसक्यूएल लिहितो. गटवार बेरजांसाठी ऑब्जेक्ट उभे करण्यात काही अर्थ नाही.

कोणतीही रीत घेतली, तरी परकीय कीच्या, म्हणजे दुसऱ्या टेबलाच्या ओळीकडे बोट दाखवणाऱ्या, रकान्यावर इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) आहे का, हे पाहावे. मायएसक्यूएलचे इनोडीबी हे साठवणीचे इंजिन तो स्वतःहून तयार करते, पोस्टग्रेएसक्यूएल करत नाही. त्यानंतर क्वेरी लॉग चालू करून तेच पान आधी 5 आणि मग 50 नोंदींवर उघडावे. दोन्ही वेळी क्वेरींची संख्या सारखीच यायला हवी.