नैरोबीत कमी पैशांत पक्षी पाहायचेत? या चुका टाळा

नव्याने आलेला माणूस पहिल्याच शनिवारी नॅशनल पार्क गाठतो आणि महिन्याचं बजेट तिथेच संपवतो. पार्क चांगलंच आहे: ११७ चौरस किलोमीटर, पाचशेच्या वर जातींची नोंद. पण परदेशी पाहुण्याला शुल्क डॉलरमध्ये भरावं लागतं, वर गाडीचं भाडं वेगळं, कारण ठरावीक जागा सोडल्या तर खाली उतरायची मुभा नाही. पुढचं सगळं ठरलेलं. गाडी नऊला आत शिरते, चालकाला फोनवर सिंहाची खबर लागते, आणि तासभर दहा गाड्यांच्या मागे उभं राहायचं. गवतातून सेक्रेटरी बर्ड हा लांब पायांचा शिकारी पक्षी चालत गेलेला कुणी बघत नाही. चालकाची यात चूक नाही. त्याला बक्षिशी सिंहावरच मिळते, आणि तुम्ही त्याला दुसरं काही सांगितलेलंच नसतं.

पार्क शेवटी ठेवा. आधी आर्बोरेटम ही शहरातली झाडांची बाग आणि करुराचं जंगल पायी पालथं घाला. मग चौघांत गाडी करा, उजाडता फाटकावर हजर राहा आणि निघण्याआधीच चालकाला बजावा: सिंह नको, पाणवठ्यावर थांब.

दुसरी चूक त्याहून चीड आणणारी: आवाजामागे धावणं. करुरात हार्टलॉब्स तुराको हा झाडाच्या शेंड्यांवर राहणारा फळखाऊ पक्षी घोगरा ओरडला की नवखे वाट सोडून झाडीत घुसतात. पालापाचोळा वाजतो, पक्षी गप्प होतो, शेंड्यातून फांद्यांवरून उड्या मारत निघून जातो. अंग हिरवं असल्यामुळे तो पानांत विरघळतो. पंखांतला लालभडक रंग फक्त उडताना दिसतो, तोही क्षणभर, आणि वहीत 'लाल पक्षी?' अशी नोंद होते. फळं लगडलेलं उंबराच्या जातीचं झाड शोधा, सूर्य पाठीशी घ्या, वीस मिनिटं हलू नका. तुराको तिथे खायला येतोच. धनेशही येतात. वीस मिनिटं थांबवत नसेल तर दुसरा छंद बघावा. मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावणं हा आळशीपणा आहे, आणि विणीच्या काळात तर त्रासच.

स्वस्त म्हणून घडीची १०×२५ दुर्बीण घेऊ नका. पुढच्या भिंगाचा व्यास २५ मिलिमीटर, भागिले मोठेपणा १०, म्हणजे डोळ्यात येणारी प्रकाशाची शलाका अडीच मिलिमीटरची; करुराच्या सावलीत सगळं काळंच दिसतं, शिवाय दहापट मोठेपणाला हात थरथरतो. जुनी ८×४२ घ्या, सव्वापाच मिलिमीटर मिळतात. झूमवाली तर फुकट मिळाली तरी नको.

ॲपने आवाज ओळखला म्हणजे पक्षी पाहिला, असं होत नाही. इथला र्‍युपेल्स रॉबिन-चॅट पक्का नकलाकार आहे, एकटा चार जातींची नोंद करवून देईल. डोळ्यांनी दिसल्याशिवाय यादीत टिक नको.

भारतातली सवयही फसवते. इथल्या बुलबुलाच्या शेपटीखाली लाल नाही, पिवळं असतं. पांढऱ्या छातीचा कावळा म्हणजे पाइड क्रो. आपला घरचा कावळा मोम्बासाकडे किनाऱ्यावर माजला आहे, त्याची नैरोबीतली नोंद फोटोशिवाय करू नका.

आर्बोरेटमला लागूनच राष्ट्राध्यक्षांचं स्टेट हाउस आहे. त्या कुंपणाकडे दुर्बीण किंवा लेन्स रोखू नका. घार तिकडे बसली असली तरी नाही.

मार्गदर्शकाला पैसे मोजण्याआधी नेचर केन्या या निसर्गसंस्थेची बुधवारची सकाळची पक्षी पाहायची फेरी करा. १९७१पासून चालू आहे, नॅशनल म्युझियमपाशी जमतात, खर्च नाममात्र. महिनाभर जाल तर शहरातले नेहमीचे पक्षी पाठ होतील. सिटी पार्कातही अशाच सोबतीने जा, एकट्याने नको.

आणि करुरात पाण्याची प्लॅस्टिक बाटली नेऊ नका. २०२०पासून संरक्षित जंगलांत एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकवर बंदी आहे, बाटली फाटकावरच ठेवायला लावतील. स्टीलची न्या. प्रवेशशुल्काचा भरणाही मोबाइलवरून करायची तयारी ठेवा, नोटांच्या भरवशावर जाऊ नका.