फुटबॉल क्लबचा इतिहास कसा लिहावा: नाशिकच्या मंडळांसाठी

क्लबला पन्नास वर्षे होत आली की बैठकीत स्मरणिकेचा विषय निघतो. हाताशी तीन महिने उरलेले असतात. जे छापून येते त्यात शुभेच्छा, जाहिराती, प्रमुख पाहुण्यांचे फोटो आणि आजवरच्या अध्यक्षांची यादी असते. मैदान कुठेच सापडत नाही. आपली टीम कोणाशी खेळली, गोलमध्ये कोण उभा होता, हरल्यावर संघ का फुटला, हे वाचायला मिळावे म्हणून तर माणसे स्मरणिका हातात घेतात. म्हणून या कामात सामना हे एकक धरा. एक सामना, एक कार्ड. बाकी सगळे त्याच्या आधाराने उभे राहते, आणि अध्यक्षांची यादी शेवटच्या एका पानात नीट बसते.

वेळ किमान एक वर्ष ठेवा. पहिले चार महिने फक्त माणसांना भेटण्यासाठी. कपाटातले कागद आणखी सहा महिने थांबतील, ऐंशीतले सेंटर हाफ थांबतीलच असे नाही.

स्थापनेचे वर्ष

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. कारण एका क्लबला तीन-तीन जन्मतारखा असतात: पोरे त्या नावाने पहिल्यांदा खेळली ते वर्ष, स्पर्धेत प्रवेश फी भरून संघ उतरला ते वर्ष, आणि संस्था नोंदली गेली ते वर्ष. पहिले आणि तिसरे यांत दहा-पंधरा वर्षांचे अंतरही असू शकते. तिन्ही वेगवेगळी लिहा. एकच निवडून बाकीची पुसू नका, नाहीतर पुढच्या पिढीला जुनी पावती सापडते आणि तुमच्या सगळ्या पुस्तकावरचा विश्वास उडतो.

नोंदणी झाली असेल तर ती संस्था नोंदणी अधिनियम १८६० आणि सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० यांखाली असते. प्रमाणपत्रांवर दोन वेगळे क्रमांक दिसतात. त्यातला ‘एफ’ने सुरू होणारा विश्वस्त नोंदणीचा. तो क्रमांक घेऊन धर्मादाय कार्यालयात परिशिष्ट एकच्या, म्हणजे विश्वस्त नोंदवहीतल्या उताऱ्याच्या, नकलेसाठी अर्ज करा. कार्यकारिणी बदलली की फेरफार अहवाल दाखल करावा लागतो, त्यामुळे कोण कधी सचिव झाले, कधी पायउतार झाले याचा तारखेसह पुरावा तिथे मिळतो. फक्त एक ध्यानात ठेवा: अहवाल उशिरा दाखल होतात, कधी कधी पाच वर्षांचे एकदम. निवडीची तारीख आणि दाखल केल्याची तारीख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्लब कधी नोंदलाच गेला नसेल, तर हा रस्ता सोडा आणि पावत्या, प्रवेशपत्रिका, जर्सीचे बिल शोधा.

माणसांना कसे विचारावे

‘ते कोणत्या साली?’ असा प्रश्न विचारू नका. माणूस नाराज होऊ नये म्हणून अंदाजाने साल सांगतो, आणि एकदा तोंडातून निघालेले साल मग त्यालाही खरे वाटू लागते. त्याऐवजी नाशिककराच्या आयुष्यातल्या पक्क्या खुणा वापरा. १० सप्टेंबर १९६९चा गोदावरीचा महापूर ज्यांनी पाहिला ते विसरत नाहीत. ‘तो सामना महापुराच्या आधी की नंतर?’ याला उत्तर बहुतेक बरोबर येते. बहात्तरचा दुष्काळ, आणीबाणी, १९८२ साली झालेली महापालिका, आणि १९८०, १९९१, २००३, २०१५चे सिंहस्थ, एवढ्या खुणांची पट्टी कागदावर आखून समोर ठेवा आणि प्रत्येक आठवण तिच्यावर बसवा. महापुराची खूण पक्की, पण २००८च्या सप्टेंबरमध्येही मोठा पूर आला होता. सांगणारा तरुण असेल तर ‘दुतोंड्या मारुतीपर्यंत पाणी आले तेव्हा’ म्हणजे नेमका कोणता पूर, हे लगेच विचारून घ्या.

मैदानांची नावेही साल सांगतात, आणि फसवतातही. आजचे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान जुन्या माणसांच्या तोंडी अजून गोल्फ क्लब मैदानच आहे. एकच सामना दोन नावांच्या मैदानांवर झाला असे वाटून त्याची दोन कार्डे तयार होतात. मैदानांच्या जुन्या-नव्या नावांची एक यादी आधीच करून ठेवा. चषकांचेही तसेच. ‘महापौर चषक’ १९८२च्या आधीचा असू शकत नाही. तेव्हा शहराला महापौर नव्हता, नगराध्यक्ष होते.

प्रत्येकाला आधी एकटे भेटा. चार जुने खेळाडू एकत्र बसवले की सगळ्यात ठाम बोलणारा जिंकतो आणि बाकी तिघांच्या वेगळ्या आठवणी तिथेच बुडतात. एकट्या भेटी संपल्यावर मग एकत्र बसवा, मध्ये संघाचा फोटो ठेवा. त्या वेळी नावे भराभर येतात. रेकॉर्डिंग मोबाइलवर चालेल. मोबाइल एअरप्लेन मोडवर, बोलणाऱ्यापासून वीतभर अंतरावर, रुमालाच्या घडीवर ठेवा, म्हणजे टेबलावर ठेवलेल्या कपाचा आवाज धडकत नाही. पंखा बंद करा. सुरुवातीला स्वतःच्या आवाजात तारीख, जागा आणि समोरच्याचे पूर्ण नाव बोला.

टोपणनाव, खरे नाव, मोहल्ला आणि जागा, ही चारही हवीत. जागा विचारताना शब्द कान देऊन ऐका. कोणी ‘मी राइट आउट’, ‘तो लेफ्ट इन’ म्हणाला, तर तो पाच फॉरवर्डच्या जुन्या मांडणीतला माणूस आहे. ‘स्टॉपर’, ‘लिंकमन’ म्हणणारा पुढच्या काळातला. खेळाडूंखेरीज रेफ्री, चुना मारणारा, मैदानाशेजारचा चहावाला आणि घरी जर्सी धुणाऱ्या बाया, यांना विसरू नका. जर्सीचा रंग कधी बदलला हे खेळाडूंपेक्षा त्यांना नीट आठवते.

नाशिक परिसरात फुटबॉलची माणसे शोधायची असतील तर नोकरीच्या जागांच्या मागे जा: देवळाली कॅम्प, नाशिकरोडच्या प्रेसची वसाहत, ओझरची एचएएल, इगतपुरी आणि मनमाडच्या रेल्वे वसाहती, शाळांत भोसला मिलिटरी स्कूल. बदलीवर आलेला माणूस दोन हंगाम खेळून निघून जातो आणि क्लबच्या वहीत त्याचे फक्त आडनाव उरते. निवृत्तांचे गट त्याला शोधून देतात.

वर्तमानपत्रांच्या फायली

टिळक पथावरचे सार्वजनिक वाचनालय १८४० सालचे आहे. अशा जुन्या वाचनालयात जाताना आधी ग्रंथपालांना लेखी पत्र द्या: क्लबचे नाव, हवे ते वर्तमानपत्र, हवे ते महिने. ‘गावकरी’, ‘देशदूत’ ही नाशिकची दैनिके आधी घ्या, मुंबई-पुण्याची नंतर. महिना माहीत नसताना अख्खे वर्ष चाळायला बसलात तर दुसऱ्या दिवशी सोडून द्याल. आठवणींतून स्पर्धेचा महिना काढा, मग तो आणि त्याच्या मागचापुढचा असे तीनच महिने पाहा.

फोटो काढताना आधी पूर्ण पान, वर्तमानपत्राचे नाव आणि तारीख दिसेल असे. मग बातमी जवळून. फ्लॅश नको, खिडकीचा उजेड बाजूने येऊ द्या. बांधीव फाइल दाबून सपाट करू नका, जुना कागद घडीवर तुटतो. शिवणीजवळची ओळ दिसत नसेल तर दोन तिरपे फोटो काढा. फाइलचे नाव वर्ष-महिना-दिवस या क्रमाने द्या, म्हणजे संगणक आपोआप तारखेप्रमाणे लावतो.

दोन चुका हमखास होतात. सोमवारच्या अंकातली बातमी रविवारच्या सामन्याची असते, आणि लोक अंकाची तारीख सामन्याला लावतात. दुसरी, झिजलेल्या खिळ्यांच्या छपाईत १ आणि ९, तसेच ५ आणि ६ एकमेकांसारखे दिसतात. स्कोअर शंकास्पद वाटला तर दुसऱ्या वर्तमानपत्रात ताडून पाहा, नाहीतर कार्डावर ‘अस्पष्ट’ लिहा.

कार्ड

पोस्टकार्डाएवढे जाड कागदाचे तुकडे घ्या, किंवा तेच रकाने संगणकाच्या तक्त्यात करा. तारीख, मैदान, स्पर्धा आणि फेरी, प्रतिस्पर्धी, स्कोअर, गोल करणारे, अकरा नावे, आणि शेवटी पुराव्याची खूण. ‘क’ म्हणजे त्याच काळात लिहिलेले: बातमी, स्कोअरशीट, पत्र, मिनिट बुक. ‘ख’ म्हणजे जो स्वतः मैदानात होता त्याची आठवण. ‘ग’ म्हणजे ऐकीव. पुस्तकात ‘क’ सरळ विधान म्हणून जाते; ‘ख’ त्या माणसाच्या नावाने जाते; ‘ग’ला दुसरा स्वतंत्र माणूस दुजोरा देत नाही तोवर ते कार्डावरच राहते. स्वतंत्र म्हणजे ज्याने ती गोष्ट पहिल्याकडून ऐकलेली नाही. एवढी एक शिस्त पाळली तर भांडणे निम्मी होतात.

खेळाचे नियम तारीख तपासायला फार उपयोगी पडतात. बरोबरीनंतर पेनल्टीवर निकाल लावण्याची पद्धत, म्हणजे टायब्रेकर, जागतिक नियमांत १९७० साली आली. पिवळ्या-लाल कार्डांची पद्धत त्याच वर्षीच्या मेक्सिको विश्वचषकात पहिल्यांदा आली. कोणी १९६५च्या फायनलमध्ये टायब्रेकरवर हरल्याचे सांगत असेल, तर बहुधा साल चुकले आहे किंवा निकाल नाण्याने लागला होता. त्या काळी सामना पुन्हा खेळवणे, नाणेफेक, संयुक्त विजेते, असे मार्ग होते. सहकाऱ्याने पायाने दिलेला पास गोलीने हातात घ्यायचा नाही, हा नियम १९९२चा. मात्र हा पुरावा एकाच बाजूने चालतो: नियम त्या सालाआधी नव्हता एवढेच पक्के. जिल्ह्याच्या स्पर्धेत तो चार वर्षे उशिराही आलेला असू शकतो.

गुणतक्ते असेच तपासा. विजयाला तीन गुण इंग्लंडच्या लीगमध्ये १९८१ साली आले, विश्वचषकात १९९४ साली. दहा सामन्यांत सहा विजय, दोन बरोबरी, दोन पराभव असतील तर जुन्या पद्धतीने १४ गुण, नव्या पद्धतीने २०. वहीत १४ दिसले म्हणून कोणाची बेरीज चुकली असे समजू नका. आपल्याकडे पूर्वी कित्येक स्पर्धांत सामना ७० मिनिटांचा असे, म्हणून ‘६८व्या मिनिटाला, शेवटच्या क्षणी गोल’ हे वाक्य दुरुस्त करायला जाऊ नका.

फोटो आणि चषक

फोटो अल्बममधून काढणे हे सगळ्यात नाजूक काम. चिकट पानांच्या अल्बममध्ये डिंक वर्षानुवर्षे फोटोला खाऊन टाकतो, आणि ओढला की फोटोचा थरच पानावर राहतो. कोपऱ्यातून दात घासायचा धागा, म्हणजे फ्लॉस, हळूहळू करवतीसारखा सरकवा. सुटत नसेल तर थांबा आणि पानासकट स्कॅन करा. पोस्टकार्ड आकाराचा फोटो ६०० डीपीआयवर, टिफ फाइलमध्ये. चार बाय सहा इंचांचा फोटो मग २४०० बाय ३६०० पिक्सेलचा होतो आणि ३०० डीपीआयच्या छपाईत दुप्पट आकारात जातो. मागची बाजूही स्कॅन करा, स्टुडिओचा शिक्का आणि पेन्सिलीतली नावे तिथेच असतात. सत्तर-ऐंशीच्या दशकातले रंगीत फोटो लालसर पडलेले दिसतात, कारण त्यातला निळसर रंग आधी उडतो. त्यावरून ‘आपली जर्सी लाल होती’ असा निष्कर्ष काढू नका. लॅमिनेशन करू नका. एकदा केले की परत सुटत नाही.

फोटो उलटा छापला गेला आहे का हे बिल्ल्यावरून कळते. बिल्ला घालणाऱ्याच्या छातीच्या डाव्या बाजूला, म्हणजे पाहणाऱ्याच्या उजवीकडे असतो. फोटोत सगळ्यांचा पाहणाऱ्याच्या डावीकडे दिसला तर निगेटिव्ह पालथी धरली होती. फोटोखाली नावे देताना ‘मागची रांग, पाहणाऱ्याच्या डावीकडून’ असे पूर्ण लिहा. ओळख पटत नसेल तर जागा मोकळी सोडून ‘अज्ञात’ लिहा. अंदाजाने दिलेले नाव त्या घरच्या माणसाला फार लागते.

चषकावरची अक्षरे वाचायला ब्रासो लावू नका. मुलामा पातळ असतो, दोन-तीन घासण्यांत कोरलेली अक्षरेही बुजतात. अंधाऱ्या खोलीत टॉर्च अगदी आडवी धरा, अक्षरे सावलीने उठतात. तरीही दिसत नसतील तर पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिल तिरपी फिरवा. फिरत्या ढालीवरच्या पट्ट्या नंतर एकदम कोरून घेतलेल्या असतात. सगळ्या वर्षांचे अक्षर एकसारखे दिसले तर तो पुरावा ‘ख’च्या वर धरू नका.

लिहिणे आणि छापणे

मोठ्या फुटबॉलचा इतिहास भरीला घालू नका. १८९१चा रोव्हर्स कप, १९११ची वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन, १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमधला भारताचा चौथा क्रमांक, हे सगळे खरे आणि अभिमानाचे आहे, पण तुमचा खेळाडू तिथे होता तरच त्याला जागा. ‘आमचा मुलगा रोव्हर्स खेळला’ असे कोणी सांगितले की संघ आणि साल विचारा आणि मुंबईच्या वर्तमानपत्रात त्या सामन्याची अकरा नावे शोधा.

प्रत्येक हंगामाला अर्धे ते एक पान पुरते. पराभव लिहा, फूट लिहा. पण भांडणात दोन्ही बाजूंचे म्हणणे दोन-दोन वाक्यांत, त्यांच्याच शब्दांत द्या. मजकूर तयार झाला की सहा जणांना पंधरा दिवसांसाठी वाचायला द्या. त्यात एक जण जुन्या प्रतिस्पर्धी क्लबचा असलाच पाहिजे.

जुन्या स्मरणिकेचा मजकूर श्रीलिपीसारख्या, युनिकोड नसलेल्या जुन्या फाँटमध्ये असेल तर युनिकोडमध्ये बदलताना रफार, पहिली वेलांटी आणि जोडाक्षरे तुटतात. आडनावे त्यातच बिघडतात, म्हणून खेळाडूंची सूची मूळ छापील प्रतीशी एकेक नाव करून ताडा. छापून आल्यावर एक प्रत वाचनालयात द्या. कार्डे, रेकॉर्डिंग आणि स्कॅन दोन वेगळ्या घरांतल्या दोन हार्ड डिस्कवर ठेवा, आणि पावसाळा सुरू होण्याआधी दरवर्षी त्या एकदा उघडून पाहा. मूळ कागद लोखंडी कपाटात वरच्या फळीवर ठेवा, भिंतीपासून चार बोटे दूर. ओल आणि वाळवी दोन्ही भिंतीकडूनच येतात. पुस्तकाच्या शेवटी दोन पाने कोरी सोडा, वर ‘दुरुस्त्या’ लिहून. पहिली दुरुस्ती प्रकाशनाच्या दिवशीच येते.