लाल पट्ट्या, हिरव्या पट्ट्या आणि एक मोजपट्टी

बारावीच्या प्रयोगशाळेत मी बावीस वर्षं साहित्य मांडून दिलं. दुहेरी फटीच्या प्रयोगात काळ्या स्लाइडवरच्या दोन जवळजवळच्या फटींतून प्रकाश सोडतात, भिंतीवर उजेड-काळोखाच्या पट्ट्या पडतात आणि त्यांच्या अंतरावरून प्रकाशाची तरंगलांबी (लाटेच्या दोन शिखरांमधलं अंतर) काढतात. तो फसायचा बहुतेक वेळा एकाच जागी: लाल लेझर काढून हिरवा लावताना मुलं स्लाइडही हलवायची. मग पट्ट्या बदलल्या त्या रंगामुळे की स्लाइड-भिंतीच्या अंतरामुळे, कोण सांगणार? म्हणून घरी मी दोन्ही लेझर एकदमच लावते.

काचेची स्लाइड चिमट्यात धरा आणि मेणबत्तीवर सारखी फिरवत काजळी धरू द्या. एका जागी धरलीत की तडकते. माझ्या दोन गेल्या. गार झाल्यावर दाढीची दोन पाती एकमेकांवर घट्ट दाबा आणि मोजपट्टीच्या कडेनं एकच उभा ओरखडा ओढा. परत फिरवायचं नाही. भिंगातून दोन वेगळ्या रेघा दिसायला हव्यात, त्याच आपल्या फटी. एकच जाड दिसली तर पुसा, पुन्हा काजळी.

स्लाइड मी कणकेच्या गोळ्यात रोवते. भिंत बरोबर 3 मीटरवर. लेझर 5 मिलिवॉटच्या आतलेच घ्या, एकावर एक ठेवा, बटणांना कपड्यांचे चिमटे लावा. लाल किरण रेघांच्या खालच्या भागातून जाऊ दे, हिरवा वरच्या. समोरचा आरसा आधी झाका, आणि किरणात डोळा अजिबात नको. (थॉमस यंगनं 1803 मध्ये हे उन्हावर केलं होतं, कागदाच्या चिंचोळ्या पट्टीनं किरण दुभागून. आपलं काम फारच सोपं.)

अंधार केलात की भिंतीवर ठिपक्यांच्या दोन ओळी दिसतील (लेझरचा किरण बारीक, म्हणून पट्ट्या ठिपक्यांसारख्या दिसतात). मधले ठिपके एकाखाली एक येतील असे लेझर किंचित सरकवा. आता बाजूला बघत जा: हिरवे ठिपके दाटीनं, लाल ऐसपैस. तिसरा हिरवा ठिपका दुसऱ्या आणि तिसऱ्या लालच्या मधल्या काळोखावर येतो. तो जुळला की मांडणी बरोबर.

एका ठिपक्याचं अंतर मोजू नका, हात हलतो. मधल्याच्या दोन्ही बाजूंचे दोन-दोन धरा, म्हणजे चार अंतरं होतात. माझी लाल 78 मिमी भरली, हिरवी 64. फट आणि भिंत दोघांना सारखीच, त्यामुळे पात्याची जाडी, म्हणजे दोन फटींमधलं अंतर, माहीत नसली तरी अडत नाही. अंतरांचं गुणोत्तर तेच तरंगलांबीचं. हिरव्याची 532 नॅनोमीटर. तिला 78 नं गुणून 64 नं भागलं, 648 आलं. लाल लेझरच्या लेबलवर 650 छापलंय.