मॉसफेटचा स्विचिंग करंट चुंबकीय प्रोबने कसा मोजावा

नाशिकच्या अंबड आणि सातपूर औद्योगिक वसाहतींत पॉवर सप्लाय दुरुस्त करणाऱ्यांनी मॉसफेटच्या (वेगाने चालू-बंद होणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचच्या) वाटेत शंट (करंट मोजण्यासाठीचा लहान रोधक) घालण्याची घाई करू नये, कारण शंटच्या तारांचे इंडक्टन्स (करंटच्या बदलाला होणारा विरोध) मूळ करंटचा आकारच बदलते. त्याऐवजी कोॲक्स केबलच्या टोकाला इनॅमल तारेचा सुमारे ५ मिलिमीटर व्यासाचा एक वेढा सोल्डर करून त्यावर हीट श्रिंक स्लीव्ह चढवावी. हाच चुंबकीय प्रोब; तो मॉसफेटचा करंट वाहणाऱ्या ट्रॅकजवळ (बोर्डवरच्या तांब्याच्या पट्टीजवळ) धरावा. २३० व्होल्ट रेक्टिफाय झाल्यावर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी होतात, म्हणून इथे हयगय नको. ऑसिलोस्कोपकडे ५० ओमचे टर्मिनेशन (केबलशी जुळणारा शेवटचा रोध) ठेवावे.

वेढ्यात मिळणारा व्होल्टेज करंटच्या बदलाच्या वेगाच्या प्रमाणात असतो. ट्रॅक आणि वेढा यांच्यातील परस्पर इंडक्टन्स (चुंबकीय जोडणीचे माप) १ नॅनोहेन्री असेल आणि २० नॅनोसेकंदांत करंट १० अँपिअरने वाढला, तर ०.५ व्होल्ट दिसतात. करंटचा आकार हवा असल्यास स्कोपमध्ये इंटिग्रेशन (क्षणाक्षणाच्या व्होल्टेजची बेरीज) करावे. मात्र स्थिर डीसी पातळी कळत नाही, त्यामुळे मॉसफेट बंद असतानाचा क्षण शून्य धरावा.

माझ्या मते सर्वांत मोलाची चाचणी पुढची आहे. वेढा त्याच जागी १८० अंश फिरवावा. तरंग जसाच्या तसा उलटला तर तो चुंबकीय आहे; जेवढा भाग उलटत नाही, तेवढा ड्रेनच्या (मॉसफेटच्या एका टोकाच्या) व्होल्टेजमुळे कपॅसिटन्समधून आलेला असतो. अँपिअरमधील आकडा हवा असेल, तर वेढा ट्रॅकपासून तेवढ्याच अंतरावर धरून ज्ञात पल्सने कॅलिब्रेशन करावे.