नोकरी सांभाळून सायबर सुरक्षेतील पदव्युत्तर पदवी: निवड, प्रवेश आणि अभ्यास

सायबर सुरक्षेच्या क्षेत्रात काम करणाऱ्या माणसाला नोकरी पुष्कळ काही शिकवते. फायरवॉलचे (जाळ्यात येणारी-जाणारी वाहतूक गाळणाऱ्या यंत्रणेचे) नियम लिहिणे, देखरेख यंत्रणेवर येणारे इशारे तपासणे, लेखापरीक्षणातील आक्षेपांना उत्तरे देणे, पॅच (सॉफ्टवेअरमधील त्रुटींची दुरुस्ती) वेळेत लावून घेणे ही कौशल्ये कामावरच घडतात आणि वर्गात ती तितकी चांगली शिकता येत नाहीत. मात्र कूटलेखनामागचे (माहिती गुप्त रूपात बदलण्यामागचे) गणित, ऑपरेटिंग सिस्टिम मेमरीची वाटणी कशी करते, एखादा प्रोटोकॉल (संगणकांमधील संवादाचे नियम) सुरक्षित आहे हे कशाच्या आधारे म्हणता येते, या प्रश्नांकडे वळायला कामाच्या धबडग्यात उसंत मिळत नाही. म्हणून पदव्युत्तर पदवी घ्यायची की नाही आणि घ्यायची तर कोणती, हे ठरवताना माझ्या मते पहिली कसोटी हीच असावी: माझी नोकरी मला पुढच्या पाच वर्षांतही जे शिकवणार नाही, असे या अभ्यासक्रमात काय आहे?

ही कसोटी लावायची तर माहितीपत्रक पुरत नाही. प्रत्येक विषयाचा तपशीलवार अभ्यासक्रम, नेमलेली पुस्तके आणि शक्य झाल्यास जुन्या प्रश्नपत्रिका मिळवून वाचाव्यात. ज्या अभ्यासक्रमात साधनांची नावे भरपूर आणि सिद्धान्त नावापुरता आहे, तो दोन-तीन वर्षांत शिळा होतो. कूटलेखनतज्ज्ञ डिफी आणि हेलमन यांनी 1976 मध्ये मांडलेली किल्ली-विनिमयाची (उघड्या मार्गावरून सामाईक गुप्त किल्ली ठरवण्याची) कल्पना संकेतस्थळांशी होणारा संवाद सुरक्षित ठेवणाऱ्या 2018 च्या टीएलएस 1.3 या प्रोटोकॉलमध्येही पायाभूत आहे. क्वांटम संगणकापुढे टिकतील अशा कूटलेखन पद्धतींची पहिली मानके अमेरिकेच्या एनआयएसटी या मानके ठरवणाऱ्या संस्थेने ऑगस्ट 2024 मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा ज्यांचा बीजगणिताचा पाया पक्का होता त्यांना ती समजून घेणे तुलनेने सोपे गेले. पदवीवर खर्च होणारी वर्षे अशा टिकाऊ ज्ञानासाठी असावीत.

आपली गरज याहून वेगळी असेल, तर पदवीचा आग्रह धरू नये. लेखापरीक्षणाकडे वळायचे असेल तर सीआयएसए, प्रत्यक्ष घुसखोरी चाचणी (परवानगी घेऊन यंत्रणेतील त्रुटी शोधणे) करायची असेल तर ओएससीपी अशी प्रमाणपत्रे कमी वेळात आणि कमी खर्चात मिळतात. सीआयएसएसपी या माहिती सुरक्षेच्या प्रमाणपत्रासाठी 5 वर्षांचा अनुभव लागतो आणि संबंधित विषयातील पदवीमुळे त्यातले 1 वर्ष माफ होऊ शकते, परंतु केवळ त्या एका वर्षासाठी पदव्युत्तर शिक्षण घेणे शहाणपणाचे नाही. संशोधन, अध्यापन, उत्पादनाच्या सुरक्षेची रचना किंवा वरिष्ठ तांत्रिक पद हे ध्येय असेल, तर मात्र पदवीला पर्याय नाही.

यानंतर पदवीची वैधता तपासावी, आणि येथे घाई अजिबात करू नये. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2020 च्या नियमांनुसार अभियांत्रिकी हा दूरस्थ आणि ऑनलाइन शिक्षणासाठी निषिद्ध असलेल्या विषयांपैकी एक आहे, त्यामुळे कोणी ‘दूरस्थ एम.टेक.’ देऊ करत असेल तर ते कोणत्या मंजुरीच्या आधारे, हे लेखी विचारलेच पाहिजे. काही अभिमत विद्यापीठांनी आवश्यक मंजुरीशिवाय दूरस्थ पद्धतीने अभियांत्रिकीच्या पदव्या दिल्या होत्या. सर्वोच्च न्यायालयाने 3 नोव्हेंबर 2017 च्या निकालात 2001 ते 2005 या काळात प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या परीक्षा उत्तीर्ण होईपर्यंत स्थगित केल्या आणि त्यानंतर प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या मागे घेण्यास सांगितले. नोकरी करत शिकलेल्या अनेकांना त्याची झळ बसली. उलटपक्षी, मान्यताप्राप्त संस्थेने मंजूर विषयात ऑनलाइन दिलेली पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची मानावी, असे आयोगाने सप्टेंबर 2022 मध्ये स्पष्ट केले आहे. संस्थेचे आणि नेमक्या अभ्यासक्रमाचे नाव आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर स्वतः पाहावे. जाहिरात करणारी शिक्षण-तंत्रज्ञान कंपनी आणि पदवी देणारे विद्यापीठ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गुणपत्रकावर कोणाचे नाव असेल, हे फोन करणाऱ्या प्रतिनिधीला नव्हे तर विद्यापीठाच्या कार्यालयाला विचारावे.

पर्यायांचे ढोबळमानाने तीन प्रकार आहेत. पहिला पूर्णवेळ एम.टेक. किंवा एम.एस्सी.चा: पुण्याजवळ गिरीनगर येथील डीआयएटी ही संरक्षण मंत्रालयाशी संलग्न संस्था सायबर सुरक्षेत एम.टेक. देते, तर गांधीनगरचे राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठ सायबर सुरक्षा आणि डिजिटल फॉरेन्सिक्स (संगणकीय पुराव्यांचा तपास) शिकवते आणि त्याचा परिसर गोव्यातही आहे. पूर्णवेळ एम.टेक.साठी बहुधा गेट परीक्षा लागते; तिचा गुणांक 3 वर्षे ग्राह्य असतो, त्यामुळे परीक्षा आधी देऊन रजेचा निर्णय नंतर घेता येतो. दुसरा प्रकार नोकरदारांसाठीच आखलेल्या पदव्यांचा. आयआयटी कानपूरचा ई-मास्टर्स गेटशिवाय प्रवेश देतो, वर्ग शनिवार-रविवारी भरतात आणि 60 श्रेयांक (क्रेडिट) 1 ते 3 वर्षांत पूर्ण करता येतात. ही पदवी एम.टेक. नव्हे, पुढे पीएच.डी. करायची असेल तर त्या संस्थेला ती चालेल का, हे आधी विचारून घ्यावे. तिसरा प्रकार परदेशी ऑनलाइन पदवीचा. अमेरिकेतील जॉर्जिया टेकने जानेवारी 2019 मध्ये सुरू केलेला सायबर सुरक्षेचा ऑनलाइन मास्टर्स 10,000 डॉलरपेक्षा कमी शुल्काचा म्हणून सुरू झाला आणि माहिती सुरक्षा, धोरण व संगणक-नियंत्रित भौतिक यंत्रणांची सुरक्षा अशा तीन शाखांत विभागलेला आहे. खासगी क्षेत्रासाठी तो उत्तम आहे असे मला वाटते, परंतु सरकारी नोकरीत असलेल्यांनी समकक्षतेबाबत आपल्या आस्थापना विभागाकडून लेखी उत्तर मिळवल्याशिवाय पैसे भरू नयेत.

पैशांबाबत थोडक्यात: कंपनी शुल्क देत असेल तर सेवाबंधाच्या (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याच्या) कराराची मुदत, नोकरी सोडल्यास परत करावयाची रक्कम आणि कंपनीने स्वतः कामावरून कमी केल्यास काय होईल, ही तीन कलमे सही करण्यापूर्वी वाचावीत. शैक्षणिक कर्ज घेतल्यास त्याच्या व्याजावर जुन्या करप्रणालीत 8 वर्षांपर्यंत वजावट मिळते, नव्या प्रणालीत मिळत नाही.

अर्जाची तयारी किमान सहा महिने आधी सुरू करावी, कारण जुन्या विद्यापीठातून ट्रान्सक्रिप्ट (सर्व सत्रांच्या गुणांचा अधिकृत उतारा) मिळवणे आणि वरिष्ठांकडून शिफारसपत्र घेणे या दोन्ही गोष्टी आपल्या हातात नसतात. याच काळात विषयाची तयारीही व्हावी. अनेक वर्षे नोकरी केलेल्यांना पहिल्या सत्रात अडवणारे विषय ठरलेले आहेत: शेषांकांचे अंकगणित (मॉड्युलर अरिथमेटिक), संभाव्यता, सी भाषेतील पॉइंटर आणि स्टॅकची रचना. बफर ओव्हरफ्लो (मेमरीतील राखीव जागेत मावेल त्याहून जास्त माहिती भरली जाणे) म्हणजे काय हे बैठकीत सांगता येणे वेगळे आणि डीबगरमध्ये (प्रोग्राम टप्प्याटप्प्याने तपासणाऱ्या साधनात) परतीचा पत्ता बदलताना स्वतः पाहणे वेगळे. एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन शिक्षण उपक्रमावर कूटलेखन, ऑपरेटिंग सिस्टिम आणि संगणक जाळी या विषयांची व्याख्याने विनामूल्य आहेत. त्यातला एक विषय गृहपाठासह पूर्ण करून पाहावा. तो तडीस गेला नाही तर प्रवेश एक वर्ष लांबवलेला बरा.

वेळेचे नियोजन या क्षेत्रात इतर क्षेत्रांपेक्षा अवघड आहे आणि त्याचे कारण कामाच्या स्वरूपात आहे. सर्ट-इन या सायबर घटनांची दखल घेणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार सायबर घटनेची माहिती 6 तासांत कळवावी लागते, त्यामुळे शनिवारी दुपारी वर्ग चालू असताना घटना घडली तर वर्ग सोडावाच लागतो. व्याख्यानांचे ध्वनिचित्रमुद्रण मिळते का, हजेरीची सक्ती किती, एखादे सत्र थांबवता येते का, हे प्रश्न म्हणूनच शुल्काइतके महत्त्वाचे आहेत. पाळ्यांमध्ये काम करणाऱ्यांनी परीक्षांचे वेळापत्रक मिळताच ते प्रमुखांना द्यावे आणि त्या आठवड्यांतली तातडीची जबाबदारी सहकाऱ्याशी आधीच बदलून घ्यावी. बँकेत असणाऱ्यांनी मार्चअखेरीला जड विषय घेऊ नये. सुरुवातीला एका सत्रात एकच विषय घ्यावा, दोन पेलतील असे वाटत असले तरीही. घरच्यांशीही मोकळेपणाने बोलून घ्यावे, कारण पुढची दोन-तीन वर्षे सुट्टीचे दिवस त्यांच्याही वाट्यातून जाणार आहेत.

प्रयोगांसाठी कंपनीचा लॅपटॉप कधीही वापरू नये. 16 जीबी मेमरीचा स्वतःचा संगणक, त्यावर व्हर्च्युअलबॉक्स (संगणकात आभासी संगणक चालवणारे सॉफ्टवेअर), आणि बाहेरच्या जाळ्याशी संबंध तोडलेली दोन-तीन आभासी यंत्रे एवढ्यात बहुतेक गृहपाठ होतात. शिकलेले तंत्र कुणाच्याही चालू संकेतस्थळावर परवानगीशिवाय आजमावू नये; माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 च्या कलम 66 खाली अप्रामाणिक किंवा कपटी हेतूने केलेल्या अनधिकृत प्रवेशाला 3 वर्षांपर्यंत कैद, 5 लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि विद्यार्थी असल्याचा खुलासा करत चौकशीला सामोरे जाण्याची वेळ कुणावरही येऊ नये.

प्रबंधाचा विषय शक्यतो आपल्या रोजच्या कामातल्या अडचणीतून घ्यावा, कारण प्रश्न खरा असला की रात्री उशिराही त्यावर काम करण्याची इच्छा टिकते. मात्र कंपनीच्या नोंदी ही कंपनीची मालमत्ता आहे आणि त्यांत ग्राहकांचा वैयक्तिक डेटा असू शकतो, ज्याला 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा लागू पडतो. विषय नोंदवण्यापूर्वी माहिती सुरक्षा प्रमुख आणि विधी विभाग या दोघांची लेखी संमती घ्यावी आणि तिच्यात कोणत्या नोंदी वापरायच्या, त्यातील ओळख कशी पुसायची आणि प्रबंध प्रसिद्ध करता येईल का, हे स्पष्ट लिहून घ्यावे. संमती मिळायला वेळ लागत असेल, तर कॅनडातील न्यू ब्रन्सविक विद्यापीठाच्या संस्थेने खुल्या केलेल्या सीआयसी-आयडीएस 2017 सारख्या, जाळ्यावरील हल्ल्यांच्या नोंदी असलेल्या डेटासंचावर पद्धत उभी करून ठेवावी. संमती आल्यावर तीच पद्धत आपल्या नोंदींवर लावता येते, आणि नाही आली तरी प्रबंध अडत नाही.