वय वेगळं, प्रश्नावली तीच: मानसिक त्रास मोजायला निघालेल्यांसाठी

सायकॉलॉजी किंवा सोशल वर्कच्या मास्टर्सला असाल आणि डिझर्टेशनला 'तरुण आणि ज्येष्ठांमधला मानसिक ताण, तुलनात्मक अभ्यास' असला काही विषय डोक्यात असेल तर फॉर्म छापायच्या आधी हे वाचा. विषय चांगलाच आहे, गोव्यात तर हवाच, २०११च्या जनगणनेतच इथे साठीच्या वरचे लोक ११ टक्क्यांच्या पुढे होते आणि देशाचा आकडा तेव्हा साडेआठच्या आसपास. गावात मोठी घरं, त्यात दोन म्हातारी माणसं, मुलं पुण्याला नाहीतर परदेशात, हे आपण सगळे बघतोच. पण बरेच जण काय करतात, एक प्रश्नावली घेतात, दोन्ही गटांकडून भरून घेतात, सरासरी काढतात, टी-टेस्ट (दोन सरासरींतला फरक तपासायची चाचणी) लावतात आणि 'ज्येष्ठांमध्ये ताण जास्त' असं लिहून मोकळे होतात. तो प्रश्न विशीत आणि सत्तरीत एकच गोष्ट मोजतोय का, हे तपासलेलंच नसतं. माझ्या मते या कामात सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे.

मानसिक त्रास मोजायची के-१० ही प्रश्नावली घ्या. गेल्या चार आठवड्यांत असं किती वेळा वाटलं असे दहा प्रश्न, प्रत्येकाला १ ते ५ मार्क, बेरीज १० ते ५०. त्यात उदास वाटणं आहे, आशा न उरणं आहे, पण कारण नसताना थकवा येणं आणि प्रत्येक गोष्टीला जोर लावावा लागणं हेही आहे. सत्तरी तालुक्यात एका आजींना मी हे वाचून दाखवत होते, 'जोर लावावा लागतो का' म्हटल्यावर लगेच 'कायम', पाच मार्क. आणि त्यानंतर गुडघ्यांना तेल चोळत चोळत नातवाचं कॉलेज, कुळागरातली सुपारी, चवथीच्या माटोळीला कुठलं फळ कोण आणून देतं, हे सगळं इतक्या आनंदात सांगत होत्या की मनाचा त्रास कुठे दिसेना. त्याच वाड्यावरचे एक आजोबा, बायको गेल्यापासून जेवण कमी झालेलं, कोणाकडे जाणं-येणं नाही, त्यांना उदास वाटतं का विचारलं तर 'या वयात असंच असायचं गो' म्हणून बोट 'कधीच नाही' वर. म्हणजे शरीराच्या प्रश्नात मार्क वाढतात, मनाच्या प्रश्नात कमी होतात, आणि हे दोन्ही एकाच फॉर्मवर होतं.

हे किरकोळ वाटत असेल तर हिशेब करून बघा. ऑस्ट्रेलियात के-१०चे जे टप्पे वापरतात त्यात १६ ते २१ मध्यम आणि २२ ते २९ जास्त त्रास. एखाद्याचे खरे २० व्हायला हवेत, पण सांधेदुखीमुळे तीन प्रश्नांत एकेक मार्क जादा पडला की झाले २३, लगेच टप्पा बदलला.

इथे नवीन मुलं एक गल्लत करतात. दोन गटांची सरासरी वेगळी आली म्हणजे प्रश्नावली अन्यायकारक असं नाही, एका गटाला खरोखरच त्रास जास्त असू शकतो. बघायचं ते असं की ज्यांना त्रास सारखाच आहे असे एक तरुण आणि एक म्हातारा घेतले, तर एखाद्या प्रश्नाला तेच उत्तर द्यायची शक्यता दोघांची सारखी आहे का. नसेल तर त्या प्रश्नात डीआयएफ (डिफरन्शियल आयटम फंक्शनिंग) आहे म्हणतात. सुरुवातीला एक्सेलमध्येच बघा, तो प्रश्न वगळून उरलेल्यांची बेरीज करा, बेरीज जवळपास सारखी असलेले तरुण आणि ज्येष्ठ शेजारी ठेवा आणि त्या प्रश्नाचे मार्क ताडून बघा. याने गोष्ट डोक्यात पक्की बसते, मग आर हे आकडेवारीचं सॉफ्टवेअर शिका, त्यातलं लव्हान पॅकेज फुकट आहे.

त्यात मेझरमेंट इन्व्हेरियन्सच्या, म्हणजे प्रश्नावली दोन्ही गटांत एकच गोष्ट मोजते का हे तपासायच्या, तीन पायऱ्या: आधी रचना तीच आहे का, मग लोडिंग (प्रत्येक प्रश्न मूळ त्रासाशी किती घट्ट जोडलाय) सारखी आहेत का, मग इंटरसेप्ट (त्रास सारखा असताना उत्तराची सुरुवातीची पातळी). आपली उत्तरं १ ते ५ अशी टप्प्यांची असल्यामुळे इंटरसेप्टच्या जागी थ्रेशोल्ड, म्हणजे एका पर्यायावरून पुढच्यावर जायच्या पातळ्या, बघायचे. ही शेवटची पायरी पार झाल्याशिवाय सरासरीची तुलना करू नका, गाईड घाई करत असले तरी. एका पायरीवरून पुढच्या पायरीवर जाताना सीएफआय (मॉडेल डेटाशी किती जुळतं ते सांगणारा आकडा) ०.०१ पेक्षा जास्त पडला की थांबायचं असा अंदाजाचा नियम आहे. दर गटात दोनेकशे माणसं तरी लागतात, तेवढी मिळत नसतील तर गट न पाडता वय सलग ठेवून मिमिक मॉडेल लावा, त्यात वयाचा मूळ त्रासावरचा आणि एकेका प्रश्नावरचा परिणाम वेगळा दिसतो.

मग डीआयएफ सापडला की थकव्याचे, जोर लावावा लागण्याचे प्रश्न काढूनच टाकूया असं वाटतं. मी काढत नाही. कारण आपल्याकडे कितीतरी म्हातारी माणसं मनाचं दुखणं शरीरातूनच सांगतात, 'झोप नाही, छातीत धडधडतं, अंगात त्राण नाही', ते प्रश्न गेले तर तीच माणसं निसटतील. जीडीएस (जेरियाट्रिक डिप्रेशन स्केल) ही प्रश्नावली मुद्दाम ज्येष्ठांसाठी बनवलेली, हो-नाही उत्तरांची, शारीरिक तक्रारी बहुतेक टाळणारी, पण ती तरुणांना लावून तुलना करता येत नाही. म्हणून प्रश्न ठेवायचा, त्या एका प्रश्नाला दोन गटांत मोकळं सोडायचं, म्हणजे मॉडेलमध्ये त्याचे आकडे दोन्ही गटांत वेगळे येऊ द्यायचे, आणि निकाल दोन्ही प्रकारे द्यायचा, सोडून आणि न सोडता.

गोव्यातल्या सरकारी दवाखान्यांत जीएचक्यू, पीएचक्यू, के-१०, के-६ आणि एसआरक्यू या पाच प्रश्नावल्या एकत्र तपासलेला अभ्यास २००८ साली आलाय, मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांचा, तो शोधून वाचा. पटेल १९९६ साली इथेच सुरू झालेल्या संगाथ या मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थेच्या संस्थापकांपैकी.

फील्डमध्ये ज्येष्ठांना फॉर्म हातात देऊ नका, वाचून दाखवा, पाच पर्याय मोठ्या अक्षरात कार्डावर ठेवा. सून किंवा मुलगा शेजारी बसला की उत्तरं बदलतात, म्हणून घरापुढच्या बलकावावर नाहीतर अंगणात एकटं बसवा. पायलटमध्ये प्रत्येक उत्तरानंतर 'हे सांगताना मनात काय आलं' विचारा, आजींचे गुडघे तिथेच कळतात. तरुणांनाही विचारा, अस्वस्थपणाला 'नेहमी' म्हणणाऱ्याच्या डोक्यात कधी कधी फक्त पुढच्या आठवड्याची परीक्षा असते.

आणि नैराश्याची नऊ प्रश्नांची पीएचक्यू-९ वापरणार असाल तर नववा प्रश्न मरणाच्या, स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. कोणी हो म्हटलं तर त्याच दिवशी कोणाला फोन करायचा, बांबोळीच्या आयपीएचबीत, म्हणजे सरकारी मानसोपचार इस्पितळात, सोबत कोण जाणार, हे एथिक्सच्या अर्जातच लिहा, आणि टेलिमानस या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ नंबर प्रत्येकाला कागदावर लिहून द्या, सगळ्या उत्तरांना 'कधीच नाही' म्हणणाऱ्यालाही.