जुनी लाकडी होडी दुरुस्त करताय? या चुका टाळा

उन्हाळ्यात काठावर उपडी पडलेल्या होडीच्या फटींतून आरपार उजेड दिसतो. तो बघून माणूस घाबरतो आणि फटी गच्च बुजवायला घेतो. मीही तेच केलं. कोल्हापूरजवळच्या प्रयाग चिखलीकडून आणलेल्या होडीच्या फटीफटीत लांबी (पुट्टी) दाबून भरली, घासली, वर ऑइल पेंट मारला. भिंतीसारखी गुळगुळीत झाली. पंचगंगेत सोडली आणि चौथ्या दिवशी तळाची एक फळी खिळ्यांसकट फासळीवरून, म्हणजे फळ्या ठोकायच्या आतल्या आडव्या लाकडावरून सुटली. लाकूड पाणी पिऊन रुंदीत फुगतं. फटीत कडक माल असला की त्याला सरकायला जागा नसते, मग सगळा जोर खिळ्यांवर येतो.

घाटावरच्या नावाडी मामांनी होडी बघून एकच विचारलं, "आधी पाणी पाजलंस का?"

तर आधी पाणी पाजा. आत-बाहेर ओली पोती पसरून आठवडाभर भिजवा, मग उथळ पाण्यात बांधून ठेवा. सुरुवातीला ती गळणारच, घाबरू नका. बऱ्याच फटी फुगून आपसूक मिटतात. ज्या गळत राहतील त्यांवर खूण करा, होडी सावलीत काढा, वरवरची ओल सुकली की त्या फटीत सुताचा पीळ बोथट छिन्नीनं बसवा आणि वर राळ व तेल कढवून केलेला लेप द्या. पीळ ठोकताना हात आवरा. जास्त ठोकला तर तोच पाचरीसारखा फळ्या फाकवतो.

रंगाखाली काय आहे ते न बघणं ही दुसरी मोठी चूक. टोच्या घेऊन फळीची टोकं आणि खिळ्यांभोवतीचा काळा पडलेला भाग दाबून बघा. टोच्या लोण्यात शिरल्यासारखा आत गेला तर तेवढंच खरवडून भागत नाही, निबर लाकूड लागेपर्यंत कापावं लागतं. टिंबर मार्केटमधून नवी फळी आणताना मुरलेलीच, म्हणजे नीट वाळलेलीच घ्या. ओल्या, जुन्या फळ्यांवर फायबरचा थर चढवू नका. ओल आत कोंडते आणि होडी आतून कुजते. तांब्याचे आणि लोखंडी खिळे शेजारी-शेजारी मारू नका, लोखंड लवकर गंजतं.

बसायला सोयीचं म्हणून बाक उंच करू नका. वजन वर गेलं की होडी डुलते, उलटते. माणशी एक लाइफ जॅकेट, पाणी उपसायला डबा आणि एक जादा वल्हं मात्र हवंच.

पावसाचं गोडं पाणी आत साचलं की लाकूड खाऱ्या पाण्यापेक्षा लवकर कुजतं. म्हणून पावसाळ्यात होडी विटांवर उपडी ठेवा. ताडपत्री घाला, पण खालून वारा खेळू द्या. नदीतच ठेवायची तर आखूड दोरीनं बांधू नका. पाणी चढलं की दोरी ताणते, नाळ (होडीचं पुढचं टोक) खाली ओढली जाते आणि होडी जागच्या जागी बुडते. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आहे, धोका पातळी ४३. तिथवर वाट बघू नका, पाणी पात्राबाहेर यायच्या आतच चार माणसं बोलवून ती वर ओढा.